दुपट्ट्याखालचा भाव

"दोर सोड! आधी दोर सोड म्हणतो ना!"

म्हातारा असा ओरडला की बाजारातल्या निम्म्या म्हशींनी रवंथ थांबवलं. अचलपूरकडचा गुरांचा बाजार. म्हैस म्हाताऱ्याची, दोर माझ्या मुठीत, आणि माझी तीन वर्षांची बचत अधांतरी. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला होता, पण मोबाइलवर अजून नुसतं चक्र फिरत होतं. तेवढ्यात मी अकोल्याला जाऊन जेवून आलो असतो.

सौदा मात्र देखणा झाला होता. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबायची आणि आकडा दोघांच्या पोटात ठेवायचा. म्हाताऱ्याला अजून दोन म्हशी विकायच्या होत्या. मला दिलेला भाव फुटला, की पुढचं गिऱ्हाईक तेवढ्यावरच अडून बसणार. पैसे त्याने बायकोच्या नंबरवर टाकायला लावले. खातं तिच्या नंबरला जोडलेलं, आणि फोन तिच्याजवळ, घरी.

"गेले ना बाप्पा, हे पाहा!" मी त्याच्या नाकाला मोबाइल लावला.

"तुह्याकडून गेले. माह्याकडं कोठी आले?"

शेवटी शेजारच्या चहावालीनेच आपला फोन पुढे केला. "काका, घरी लावून इचारा ना! भांडून काय राहिले?"

म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, म्हणून तिने स्पीकर चालू केला. पलीकडे म्हातारी.

"काहो, काय झालं?"

"पैसे आले का वं?"

"किती याचे होते?"

भोवती चार तालुके कान टवकारून उभे. म्हाताऱ्याचा हात सवयीने दुपट्ट्याखाली गेला, बोटंही दाबू लागला. पण फोनमधून ती म्हातारीला कशी लागणार? मी डोळे मिटले. आकडा त्याच्या ओठावर आला नाही, तर माझी म्हैस गेली आणि पैसेही.

"अवं, जेवढे आले तेवढे सांग!"

"साठ हजार!" म्हातारी कडाडली. पार परतवाड्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

माझ्या छातीवर बसलेली म्हैस उठली. बाजार खदखदला. मागून कोणीतरी म्हणालंच, "काका, मंग माह्यावाली बी साठलेच द्या!" म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला, पण माझ्या हातातला दोर आता ओढला नाही.

"कवा आले?" त्याने फोनमध्ये विचारलं.

"झाला अर्धा घंटा."

"मंग सांगाचं नाई?"

"तुमी इचारलं कोठी?"