मशीनवर पाय ठेवायचा कसा

बायको जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा आमच्या पार्टीचा मालक घरी आला आणि म्हणाला, "काका, ती चार डबडी आता बंद करा."

डबडी म्हणजे माझी पेडलं. मी ऑर्केस्ट्रा पार्टीत बेस गिटार वाजवतो. एरवी वसमतला पंक्चरचं दुकान आणि लग्नसराईत गिटार, असंच आयुष्य गेलं. शिक्षण चौथी. इंग्रजी आकडे ओळखतो, अक्षरं नाही. बेस म्हणजे काय ते लोकांना कळत नाही, हे मला माहीत आहे. लग्नात जेवणाऱ्या माणसाला गाणारी दिसते, ढोलकी ऐकू येते. बेस बंद पडला तर त्याला एवढंच वाटतं की गाणं पोकळ झालं. काहून झालं ते त्याला सांगता येत नाही.

पेडलं पायापुढं मांडायची, एकाला एक छोट्या वायरीनं जोडायची आणि गाण्याप्रमाणे पायानं दाबायची. एकानं आवाज एकसारखा होतो, जोरात वाजवा की हळू. दुसऱ्यानं जाड होतो. तिसऱ्यानं फाटतो. चौथ्यानं विहिरीत बसून वाजवल्यासारखा हलतो. त्यांना इंग्रजी नावं आहेत, पण आमच्या घरात बायकोनं ठेवलेलीच चालायची. दाब्या, जाड्या, फाटका आणि विहीर.

वाद्याला पाय लावायचा नाही, हे आमच्याकडं लेकरालाही सांगावं लागत नाही. चुकून लागला तर वाद्याला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. आणि माझं तर कामच पायानं दाबायचं. पहिलं डबडं आणलं त्या दिवशी हे मी बायकोला बोललो.

ती म्हणाली, "मंग काय हातानं दाबता? हात तर दोन्ही गिटारवर हायेत."

"तेच म्हणून राहिलो मी."

"तुमी बोलत बसा. मी बघते."

तिनं तोड काढली ती अशी. मी कार्यक्रमाला निघालो की ती चारही डबड्यांना एकेक करून हात लावायची, कपाळाला न्यायची आणि म्हणायची, "झाली माफी मागून. आता हाणा लाथा." वीस वर्षं मी तिच्या माफीवर लाथा हाणल्या.

आणखी एक काम ती करायची. ते ती गेल्यावर कळलं. डबड्यांसाठी तिनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती, चार खणांची. कार्यक्रमाहून आलो की मी पिशवी कोपऱ्यात टाकून जेवायला बसायचो. ती वायरी गुंडाळायची आणि डबडी ज्या त्या खणात घालायची. पुढच्या वेळी मी खणाप्रमाणे काढायचो, तशीच जोडायचो. मला वाटायचं की क्रम मला पाठ आहे. पाठ तिला होता. ती गेल्यावर औंढ्याकडच्या एका लग्नात मी वाट्टेल तशी जोडली आणि जो घुमारा उठला, तो मला पाय आपटूनही बंद करता येईना.

म्हणून मालक आला होता. तांड्यावरचा माणूस, वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, की-बोर्ड वाजवतो. बोलायला कडक, पण तेराव्याला सगळ्यांच्या आधी आलेला.

"औंढ्याला काय झालं, काका? लोकाची जेवणं उरकत आली आन तुमी वायरीच जोडून राहिले. जोडल्या तर आवाज कसा? म्हैस हौदात हंबरल्यावाणी."

"वायर खराब हाय."

"वायर खराब न्हाई. ऱ्हाऊ द्या ते." त्यानं टॉवेलात गुंडाळलेली एक मशीन माझ्यापुढं ठेवली. एका विटेएवढी, वर काच आणि दोन बटणं. "सगळं ह्याच्यात हाय. चार न्हाई, चाळीस डबडी हायेत ह्याच्यात. एक वायर आत, एक भाईर. झालं."

"चाळीस काय करू? मला चारच लागतात."

"चारच ठेवा. पण ह्याच्यावर या." मग त्यानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "बाळापूरच्या लग्नाला पंधरा दिवस हायेत. जमलं तर बरं. न्हाई जमलं तर बेस मी डाव्या हातावर घेतो."

हे समजून घ्यायला पाहिजे. की-बोर्डच्या डाव्या टोकाला बेसचा आवाज निघतो. पुष्कळ पार्ट्यांत तसंच चालतं, वेगळा बेसवाला ठेवतच नाहीत. ह्यानं इतकी वर्षं डावा हात आवरून धरला होता तो माझ्यासाठी. त्यानं तो खाली टेकवला की माझं काम संपलं. मग माझ्याकडं राहतं दुकान आणि घर. दुकानात दिवस जातो. घरात जात नाही.

सुनेनं मशीनची पूजा केली. नवी मोटारसायकल आणली की करतात तशी. घरची हळद, कुंकू, चार तांदळाचे दाणे, एक झेंडूचं फूल. दोन्ही बटणांवर बराबर मधोमध कुंकू लावलं. ते बघून मी पाय आखडून घेतले. डबड्यांना कधी कुणी कुंकू लावलं नव्हतं. डबडी ती डबडी. ही तर आता देवाच्या पाटावर बसून आली. हिच्यावर पाय ठेवायचा कसा?

सून बारावी शिकलेली. तिनं पुस्तिका वाचून मशीन लावली. मी जुनं डबडं दाबून एक सूर वाजवायचा, मग तोच मशीनवर वाजवायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत तिनं बटणं फिरवायची. एकवर दाब्या, दोनवर जाड्या, तीनवर फाटका, चारवर विहीर. ती म्हणाली, ह्या आवाजांना पॅच म्हणतात. मी म्हटलं, हे तरी ओळखीचं निघालं. जन्मभर ट्यूबला पॅचच लावत आलो.

पण ओळखीचं काही नव्हतं. एके दिवशी मी जाड्या आणखी थोडा जाड केला. मनासारखा झाला. दुसऱ्या आकड्यावर जाऊन परत आलो तर जुनाच आवाज.

"मामा, सेव्ह केलं न्हाई तुमी."

"मंग मी केलेला कुठं गेला?"

"कुठं न्हाई. गेला."

तिची काही चूक नव्हती. मी उठून अंगणात जाऊन बसलो.

दाबायची रीत अशी. उजवं बटण दाबलं की पुढचा आकडा, डावं दाबलं की मागचा. आणि दोन्ही एकदम दाबली की आवाज पुरा बंद. तार सुरात लावताना लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून तशी सोय केलेली; तेव्हा काचेवर सुराचा काटा हलतो. परत दोन्ही दाबायची की आवाज चालू. मी हे सगळं शिकलो, पण हातानं. भुईवर मांडी घालून बसायचो, गिटार मांडीवर, आणि बोटानं बटण दाबायचो.

सून म्हणाली, "मामा, पायानं करा की. तिथं काय हातानं दाबणार हाव का?"

"कुंकू हाय त्याच्यावर."

"मग पुसते."

"पुसू नको. पुसलं तरी लावलं ते लावलंच."

ती पुस्तिका मिटून आत गेली. तिच्या सासूनं अशा वेळी मला दोन शब्द सुनावले असते. सुनेला ते करता येत नाही.

मला वाटत होतं, तिथं गेल्यावर होईल. माणूस उभा राहिला की पाय आपोआप जाईल. पण दुकानातही माझं लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या ट्यूबला भोक एकीकडं आणि पॅच एकीकडं लावला. तो पुलापर्यंत जाऊन गाडी ढकलत परत आला. "चाचा, हवा भरी थी या सिर्फ दुवा दी थी?" म्हणाला. मी हसलो नाही. दिवस मोजत होतो.

बाळापूरचं लग्न दुपारचं होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आम्ही मांडवातल्या स्टेजवर चढलो. सवयीप्रमाणे चपला खाली काढल्या. मशीन पायापुढं ठेवली, एक वायर आत, एक बाहेर. दोन मिनिटांत झालं. मालकानं माझ्याकडं बघून मान हलवली. पहिलं गाणं दाब्यावर होतं, म्हणजे एक आकडा. पायाचं काही कामच नव्हतं. चांगलं गेलं.

दुसऱ्या गाण्याला जाड्या पाहिजे होता. उजवं बटण एकदा दाबायचं, बस. मी पाय पुढं नेला. अंगठा कुंकवाला लागला आणि पाय आपोआप मागं आला, चटका बसल्यासारखा. परत नेला. टेकवायचा की नाही, ह्या घोळात तो आडवा पडला, दोन्ही बटणांवर.

आवाज गेला.

माझी बोटं चालू होती आणि काही ऐकू येत नव्हतं. काचेवर इंग्रजी अक्षर होतं आणि एक काटा हलत होता. मी मालकाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघतही नव्हता. त्याचा डावा हात खाली आला आणि बेस सुरू झाला. त्याच्या की-बोर्डमधून. गुळगुळीत, चांगला.

पंगतीत कुणाला काही कळलं नाही. वाढपी वरण घेऊन फिरत होते. एक म्हातारा मीठ मागत होता. काही कळलं नाही हेच वाईट होतं. माझ्यावाचून गाणं पुरं होत होतं आणि ते सगळ्यांत आधी मला ऐकू येत होतं.

बोटानं दाबता आलं तर बघावं म्हणून मी वाकलो. गिटारचा पट्टा मानेवर सरकला, गुडघा कटकन वाजला, आणि गाणारी बाई गाता गाता माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं असेल की म्हातारा पडला. मी परत उभा राहिलो. वाकून दाबलंही असतं एखाद्या वेळी, पण प्रत्येक गाण्याला काय बसकण मारणार?

मग मी पाय ठेवला. अंगठ्यानं चोरून नाही. पुरा पाय, दोन्ही बटणांवर, वजन टाकून. त्या वेळी मी कुणाची माफी मागितली नाही. मागायला थांबलो असतो तर गाणं संपलं असतं आणि माझं कामही.

आवाज आला. पण आता दोन बेस झाले, त्याचा आणि माझा, एकावर एक. सगळा गिचका. माझा अजून दाब्याच होता. मी उजवं बटण एकटंच दाबलं, टाच उचलून. दोन आकडा आला. जाड्या. मालकानं माझ्या पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पण हात काही उचलला नाही. एक पुरं कडवं त्यानं मला तसंच वाजवायला लावलं, त्याच्या हाताखाली. मी गाणारीकडं बघितलं नाही, पंगतीकडं बघितलं नाही. त्याच्या डाव्या हाताकडंच बघत होतो. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तो हात वर गेला आणि त्यानं त्याच हातानं नाक खाजवलं. मग तो हात त्याच्या मांडीवर जाऊन पडला.

पुढं सगळं नीट झालं असं नाही. एका हळू गाण्यात मला विहीर पाहिजे होती. दोनवरून चारवर जाताना मधात तीन लागतो, आणि तीनवर फाटका बसलेला. त्या शांत गाण्यात एकदम फाटक्यानं भसकन आवाज काढला. पंगतीतलं एक लेकरू दचकून रडलं. चारवर जाईपर्यंत माझा जीव गेला.

सामान टेंपोत चढवताना मालक जवळ आला.

"दुसऱ्या गाण्यात कुठं गेलते, काका?"

"हितंच होतो. पाय ठेवत नव्हतो."

"काहून?"

"सुनेनं पूजा केलीय मशीनची."

तो हसायला लागला, ते टेंपोला धरूनच हसला. "म्या बी दसऱ्याला की-बोर्डची पूजा करतो. मंग वाजवत न्हाई का?"

"तू हातानं वाजवतोस."

त्याचं हसणं थांबलं. "ते बी बराबर हाय," म्हणाला. मग गाडीचं फाळकं लावता लावता बोलला, "परवा जवळा बाजारचं लग्न हाय. अकराला गाडी दुकानापुढं येईल. तयार ऱ्हावा. आन तेवढं लेकरं रडवू नका."

घरी सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सोपं हाय, मामा. विहीर तीनवर घेते, फाटका चारवर टाकते."

मी म्हटलं, "हात लावू नको. दोन दिवसांत पाय नव्यानं शिकणार न्हाई." दोनवरून चारवर जायचं तर बटण दोनदा दाबायचं, इतकं झटकन की तीनला तोंड उघडायला वेळ मिळू नये. खटखट. एवढंच शिकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो होतो. एका हातात ट्यूब, एका हातात कानस, आणि पाय खाली पान्ह्यावर. खटखट. खटखट. एक गिऱ्हाईक उभं होतं, ते बराच वेळ बघत राहिलं.

"काका, पायाला मुंग्या आल्या का?"

"व्हय," म्हणालो, आणि चालू ठेवलं.