खाचेपर्यंत मागे आलेली धार

निवृत्ती गेनुजी बनकर, आपणा सर्वांचे अण्णा, या वर्षी पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात लिहिणारे बहुतेक जण त्यांच्याबरोबर कारखान्याच्या टूलरूममध्ये उभे राहिलेले आहेत. मी नाही. मी मराठी शिकवते. एक मोडलेली सुरी घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी मला परत पाठवले. आमची ओळख अशी झाली.

सुरी माझ्या धाकट्या भावाची, महेशची. तळेगावला जपानी इंजिनिअरांसाठी एक गेस्टहाउस आहे. महेश तिथे स्वयंपाकी आहे. इशिदासान नावाच्या वृद्ध आचाऱ्यांनी त्याला तिथे घडवले आणि मायदेशी परतताना स्वतःची सुरी त्याच्या हातात दिली. लांब, अरुंद पाते, लाकडी मूठ. महेश ती टॉवेलात गुंडाळून ठेवी आणि दुसऱ्या कुणाला धुऊही देत नसे.

काळेवाडीच्या आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या वर्षी आईच्या विळीशेजारी आणि माझ्या पेनांशेजारी महेशने ती सुरी ठेवली. मग तो झेंडूची फुले आणायला खाली उतरला. कोयता शेजारी गेलेला. आई म्हणाली, "वेळ टळून चालली, नारळ फोडून घे." मी सुरी उचलली. पूजेतले हत्यार त्या दिवशी वापरायचे नसते, हे मला ठाऊक होते. नारळ पात्याच्या पाठीने फोडतात, हेही ठाऊक होते. मी पाठीनेच मारले. नारळ निसटला, पाते हातात फिरले आणि धार उंबऱ्याच्या ग्रॅनाइटवर आपटली. टोक उडाले. धारेला दोन खोल खाचा पडल्या.

महेश फुले घेऊन आला. त्याने पाहिले आणि म्हणाला, "असू दे, ताई." त्याने सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटावर टाकली. पुढचे कित्येक दिवस तो माझ्याशी कामापुरते बोलला. एकदा जेवताना आईला म्हणाला, "चाकणला लाइनवर माणसं घेतायत. लागतो तिकडं. शिफ्ट करायची, घरी यायचं." आईला ते बरे वाटले. मला नाही. सुरीबरोबर त्याच्या हातातले कामही माझ्या हातून मोडले होते.

मी दुरुस्त करणारा शोधत हिंडले. एका दुकानदाराने सुरी हातात घेतली, "दोन मिनिटांचं काम" म्हणत मशीन सुरू केले आणि मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. शेवटी एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी चिखलीतल्या अण्णांचे नाव सांगितले.

पत्र्याची शेड, समोर कण्हेर. अण्णांनी पाते उजेडात धरले आणि खाचांवरून अंगठ्याचे नख हळूच फिरवले.

"लई चांगलं पातं हाय. कुनाचं?"

"माझ्या भावाचं."

"मग भाऊ कुठं हाय?"

"तो येणार नाही."

"मग सुरी बी राहू द्या घरी."

मला राग आला. मी म्हणाले, "मोडली मी. नीट करून देणं माझं काम आहे." अण्णांनी कानामागे हात धरला. कारखान्यातल्या प्रेस-मशीनच्या आयुष्यभराच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले आहेत, हे तेव्हा मला माहीत नव्हते. मी पुन्हा सांगितले. त्यांना ऐकू आले नाही. तिसऱ्या वेळी मी ओरडलेच, "मोडली मी!" शेजारच्या शेडमधली दोन माणसे बाहेर येऊन बघू लागली.

"मोडली तुमी, व्हय," अण्णा शांतपणे म्हणाले. "पर कापनार त्यो. हात बघितल्याबिगर धार कशी लावू?"

हा त्यांचा नियम आहे आणि तो तुम्हालाही ठाऊक असेल. हत्यार ज्याचे त्यानेच आणायचे. पहिल्या दिवशी मला तो हट्ट वाटला. त्याचा अर्थ पुढे एका सकाळी कळला. एक म्हाताऱ्या बाई विळी घेऊन आल्या होत्या. त्यांना अंधुक दिसत होते आणि बोटांवर जुन्या कापल्याच्या खुणा होत्या. अण्णांनी विळीला उत्तम धार लावली आणि मग वरच्या टोकाची दोन बोटे लांबीची धार दगडावर घासून बोथट करून टाकली. बाई गेल्यावर मी कारण विचारले. "त्यांचा हात तिथं जातू," ते म्हणाले. त्या बाईंना त्यांनी हे सांगितले नाही. बाई आजही म्हणतात, अण्णांकडची विळी चावत नाही.

घरी येऊन मी महेशला सांगितले, "ते माझ्याकडून सुरी घेत नाहीत. त्यांना तुझा हात बघायचाय."

"ज्योतिषी हायेत का?"

"ग्राइंडर आहेत. धार लावतात."

बऱ्याच दिवसांनी तो हसायच्या बेतात आला होता. गुरुवारी तो माझ्याबरोबर चिखलीला आला. आपल्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद असतात. आसपासचे प्रेस थांबले की जमीन हादरत नाही, म्हणून हाताचे बारीक काम अण्णा त्याच दिवशी करतात.

त्यांनी सुरीकडे पाहिलेच नाही. महेशचा उजवा हात उलटा करून तर्जनीच्या मुळाशी असलेली गाठ दाबली.

"हितं गाठ हाय, म्हंजी पातं चिमटीत धरतूस. बराबर धरतूस. कुनी शिकवलं?"

महेश पुटपुटला.

"मोठ्यानं बोल, भावा. मला ऐकू येत न्हाई."

मग महेशला मोठ्याने सांगावे लागले. एरवी जे तो मला कधीच सांगत नव्हता, ते त्या शेडमध्ये ओरडून सांगत होता. "इशिदासाननी! दीड वर्ष नुसता मुळा कापाय लावला!"

"काय?"

"मुळा!"

"मुळा व्हय!" अण्णा खूश झाले. "मला बी पयलं वरीस लोखंडाला नुसती फाइल मारायला लावली हुती. वस्ताद माझं काम बघायचा आन् भंगारात टाकायचा. मुळा निदान खाता तरी येतू."

महेश बोलत राहिला. इशिदासान कधी शाबास म्हणत नसत. कापलेल्या मुळ्याची पट्टी उजेडात धरत आणि खाली ठेवत. ज्या दिवशी त्यांनी ती खाली न ठेवता ताटात मांडली, त्या दिवशी महेश मोटारसायकल चालवत घरी येताना रडला होता. मी हे प्रथमच ऐकत होते. माझ्या हातून काय मोडले ते मला तेव्हा नीट कळले.

अण्णांनी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले, सुरी त्यावर ठेवली आणि पेन्सिलीने तिच्या कडेने रेघ ओढली. खाचा आणि तुटलेले टोक यांसकट.

महेशने विचारले, "वेल्डिंग करून खाच भरत नाही का?"

"भरली तर भरल्यावानी दिसंल, कापनार न्हाई. आन् आच लागली, पातं निळं पडलं, की मेलं. खाच भरायची नसती. खाच जिथवर गेलीया, तिथवर बाकीच्या धारंला मागं यावं लागतं."

"म्हणजे सुरी लहान होणार."

"व्हनार. नखाएवढी."

महेशने बाह्या वर केल्या. अण्णांनी त्याला पाण्यात भिजलेल्या जाड दगडासमोर बसवले. काम तीन गुरुवार चालले आणि जवळजवळ सगळे महेशच्या हाताने झाले. टोक धारेकडून नव्हे, पाठीकडून उतरवायचे, म्हणजे धारेची लांबी वाचते. मग सगळी धार खाचेपर्यंत मागे न्यायची. मग जाड झालेली कड दोन्ही अंगांनी पातळ करत आणायची. अण्णा फक्त त्याचे मनगट पाहत. कोन बदलला की एक बोट मनगटाखाली लावत. बोलत नसत.

मला वाटले होते की मी सोबतीला आले आहे. अण्णांनी मलाही काम दिले. दगडाचा आवाज हे या कामातले अर्धे मोजमाप असते आणि ते त्यांना ऐकू येत नाही.

"बाई, आवाज कसा येतू?"

"घासल्यासारखा."

"घासल्याला घासल्यावानीच येनार. कसा येतू ते सांगा."

मी पुन्हा ऐकले. "कोरड्या मातीवरून झाडू फिरतोय तसा."

"मग पानी कमी हाय. घाला."

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणाले, "आता एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला थोडा खरखरीत."

"मुठीकडं का टोकाकडं?"

"टोकाकडं."

अण्णांनी टोकाकडे बोट टेकवले आणि मान हलवली. वर्गात मी शब्दांविषयी पुष्कळ बोलले आहे. माझा शब्द चुकला तर कुणाच्या हातातले पाते बिघडेल, अशी वेळ तोवर आली नव्हती. तेव्हापासून जमेल त्या गुरुवारी मी चिखलीला जाते आणि अण्णांना आवाज सांगते. त्यांच्या मुलीने आणलेले ऐकायचे यंत्र खणात आहे. "त्याच्यात समदाच आवाज येतू," ते म्हणतात. शिष्या म्हणवून घेण्याइतके मी काही शिकलेले नाही. पण एका गुरुवारी मी गेले नाही, तर त्यांनी नाजूक काम पुढच्या गुरुवारवर ढकलले, असे त्यांच्या पत्नीकडून, काकूंकडून कळले. मला स्वतःला त्यांनी ते कधी सांगितले नाही.

तिसऱ्या गुरुवारी धारेच्या कडेला आलेली शेवटची सुटी किनार, जिला ते बर म्हणतात, अण्णांनी चामड्यावर स्वतः उतरवली. दुरुस्तीत तेवढाच त्यांचा हात सुरीला लागला. काकूंनी आतून मुळा आणून दिला. महेशने त्याचा तुकडा हातात घेऊन गोल फिरवला आणि पात्याखालून मुळ्याची एक अखंड, लांब पट्टी निघू लागली. अण्णांनी ती वर्तमानपत्रावर पसरली. खालची बातमी वाचता येत होती. त्यांनी ती खरोखरच वाचली, शेवटपर्यंत. मग पट्टी ताटात ठेवली.

महेशने तोंड फिरवले. जरा वेळाने सुरीची मूठ माझ्याकडे केली.

"ताई, राहिलेला तू काप."

"मी?"

"काप की. फक्त नारळ नको."

महेश चाकणला गेला नाही. तो अजून तळेगावलाच आहे आणि आता त्याच्या हाताखाली दोघे जण मुळा कापतात. दर वर्षी खंडेनवमीच्या आदल्या गुरुवारी तो सुरी घेऊन चिखलीला येतो आणि अण्णा तेच कॅलेंडरचे पान काढून त्यावर सुरीच्या कडेने नवी रेघ ओढतात. त्यावरची पहिली रेघ खाचांची आहे. तिच्या आत, नखाएवढ्या अंतरावर, दुरुस्तीनंतरची. त्यानंतरच्या वर्षांच्या रेघा मात्र एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की त्या मोजायला चष्मा लागतो. गेल्या खेपेला अण्णांनी पान खिडकीशी धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "लई शिल्लक हाय अजून."

अण्णा, तुमच्या प्रकृतीसाठी आम्ही सगळे जे मागतो, ते या पानावर आधीच काढलेले आहे. तुमची वर्षे अशीच सरोत, केसाकेसाने. पानावर रेघांना अजून पुष्कळ जागा आहे. त्या सगळ्या तुमच्याच पेन्सिलीने ओढल्या जाव्यात, आणि गुरुवारी आवाज कसा येतो ते तुम्ही मला विचारत राहावे.