रकाना अकरावा: प्रयोजन

केवळराम धकाते यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि ते कुत्र्यांबद्दल होतं. सोळा नियमांचं. गावाचं नाव घेत नाही. तिथल्या नगरपरिषदेला वाचायची आवड नाही, पण नोटीस काढायची हौस भारी. भंडारा जिल्ह्यातलं, दोन-चार गल्ल्यांत अजून मागांची खटखट ऐकू येणारं गाव, एवढं सांगितलं तरी पुरे.

गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला, त्या धामधुमीत नगरपरिषदेला एक परिपत्रक आलं: कुत्री पाळण्याबाबत उपविधी करा. गावात तेव्हा पाळलेली म्हणावीत अशी कुत्री दोन, एक डॉक्टरांचं आणि एक ठेकेदाराचं. बाकीची स्वतःच्या हिमतीवर जगत होती. दुसरा कोणी बाबू असता तर परिपत्रक फायलीत दाबून चहा प्यायला गेला असता. नगरपरिषदेतल्या धकातेबाबूंनी महिनाभर मान मोडून काम केलं. बापाने मागावर जन्म काढला, सुताचा धागा चुकू दिला नाही; पोराने तेच नियमांचं केलं. पट्टा, बिल्ला, लस, शेजाऱ्याची ना-हरकत. दोन कुत्र्यांपर्यंत नुसती नोंद. दोनाच्या वर गेलं की ते घर राहत नाही, 'श्वानगृह' होतं, आणि त्याला परवाना लागतो. परवान्याच्या अर्जातला अकरावा रकाना बाबूंच्या खास लाडाचा: 'कुत्री पाळण्याचे प्रयोजन : राखण / पैदास.' तिसरं प्रयोजन त्यांना सुचलं नाही, आणि बाबूंना न सुचलेलं जगात असतं कुठे? सभेने सगळे नियम न वाचता एकमताने मंजूर केले.

सहा-सात वर्षं श्वानगृहाचा एकही अर्ज आला नाही. मग एक आला. कौशल्याबाई नावाच्या विधवा होत्या, विणकरांच्या गल्लीत एकट्या राहायच्या. त्यांच्या चांदी नावाच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली. एक आणि तीन चार. झालं श्वानगृह. अकराव्या रकान्यात दोन्ही छापील शब्द सोडून त्यांनी मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सोबत.

"राखाले माह्या घरी काय हाये बाबूजी? खोटं कायले लिवू?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"खऱ्या-खोट्याचा प्रश्न नाही बाई. नियमात बसते का नाही, ते पाहा लागते," बाबू म्हणाले, आणि शेरा मारला: 'प्रयोजन नियमात बसत नाही. अर्ज नामंजूर.'

पंधरा दिवसांनी नगरपरिषदेचा ट्रॅक्टर आला आणि चौघांनाही उचलून घेऊन गेला. कुठे, ते नियमांत लिहिलेलं नव्हतं. बाबू त्या दिवशी नेहमीच्या वेळेला डबा जेवले.

पुढे शाल-श्रीफळ घेऊन बाबू रिटायर झाले. दोन वर्षांनी सुंदरबाई, त्यांच्या पत्नी, गेल्या. मुलगा भूषण नागपूरला. दर रविवारी फोन करून 'तब्येत बरी आहे ना' विचारायचा आणि उत्तर यायच्या आत बरी आहे असं धरून चालायचा. घरात आवाज हवा म्हणून बाबू टीव्ही लावून ठेवत आणि बातम्या सांगणाऱ्याच्या चुका काढत. सुंदरबाईंच्या तेरवीला उष्ट्या पत्रावळींवर एक काळी कुत्री आली होती, ती परत गेलीच नाही. बाबूंनी तिला हाकललं. मग तिच्यावर ओरडायची सवय लागली, मग पोळी द्यायची. "खाय अन् जाय," ते रोज म्हणत. ती खाई. वर्षभरात बाबू तिच्याशी जेवढं बोलले तेवढं सुंदरबाईंशी तीस वर्षांत बोलले नसतील. हे एक दिवस त्यांच्याही लक्षात आलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग काळीलाही तीन पिल्लं झाली. शेजारचे बाबूलाल याच दिवसाची वाट पाहत होते. त्यांच्या संडासाच्या परवानगीचा अर्ज बाबूंनी एकेकाळी सात वेळा त्रुटी दाखवून परत केला होता. बाबूलालांनी तक्रार दिली, नियम क्रमांकासकट. नोटीस आली: पंधरा दिवसांत परवाना घ्या, अन्यथा कुत्री उचलण्यात येतील. नोटिशीची भाषा इतकी चोख होती की बाबूंना क्षणभर बरं वाटलं. मग ती आपलीच आहे हे ध्यानात आलं. काळी गेली तर घरात ज्याला 'खाय अन् जाय' म्हणावं असं कोणी उरणार नव्हतं.

बाबू नगरपरिषदेत गेले. त्यांच्या जुन्या टेबलाशी आता हर्षा नावाची नवीन क्लार्क बसायची. तिने खुर्ची दिली, अर्ज दिला. दहा रकाने बाबूंनी झरझर भरले. अकराव्यावर पेन अडला. राखण लिहावं, तर काळी बाबूलालांनाही शेपूट हलवून दाखवायची. पैदास लिहायची लाज वाटली.

"याच्या आंधी कोनं काय लिवलं होतं, पाहून घेऊ सर," म्हणत हर्षाने कपाटातून फाइल काढली. आत एकच अर्ज होता. मोठ्या अक्षरांत 'सोबत', खाली शेरा, खाली सही. हर्षाने सही वाचली, सरांकडे पाहिलं आणि फाइल हळूच मिटली.

"सर, कायले डोक्याले ताप करून घेता? दोन पिल्लं कोनाले तरी देऊन टाका. दोनच राहिले का परवानाच नाही लागत. मी तं सगळ्याइले हेच सांगत असते."

बाबूंना हे माहीत नव्हतं थोडंच! नियम त्यांचाच. कौशल्याबाई समोर उभ्या होत्या तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेही फुकटचं.

संध्याकाळी टोपलीत दोन पिल्लं घेऊन बाबू विणकरांच्या गल्लीत गेले. कौशल्याबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पार थकल्या होत्या, पण बाबूंना त्यांनी लगेच ओळखलं.

"हे दोन ठेवता का बाई? नाही तं उचलून नेतीन."

"कायच्यासाठी ठेवू?" कौशल्याबाई म्हणाल्या. "प्रयोजन सांगा ना."

"सोबत," बाबू म्हणाले. हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा उच्चारला असेल.

"अन् परवाना?"

"दोनाले नाही लागत. दोनाच्या वर गेले तं लागते."

कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "मंग मले तवा काहून नाही सांगतलं? दोन पिल्लं देऊन टाकले असते मी. माही चांदी तं राहिली असती."

इतक्या वर्षांची नोकरी. उत्तर बाबूंच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "तुम्ही विचारलं नव्हतं."

कौशल्याबाई उठल्या. दोन्ही पिल्लं पदरात घेतली आणि रिकामी टोपली बाबूंच्या हातात दिली.

"पिल्लायचा अर्ज मंजूर हाये बाबूजी," त्या म्हणाल्या. "तुमचा नाही." आणि त्यांनी दार लावून घेतलं.