मशीनवरचा शनवार

"काका, तुमच्या दोन्ही किडन्या गेल्यात," डॉक्टर म्हणाले. "किडनी फेल्युअर. डायलिसिस लागेल."

फेल्युअर म्हंजी बंद पडणं. रक्त गाळायची आतली गाळणी बंद पडली. आता ते काम बाहेरचं मशीन करणार, आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास, आयुष्यभर. मी विचारलं, "सुट्टी?" डॉक्टर हसले. मी हसलो न्हाई.

मी दौंडचा, रेल्वेत फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, तवा लिहिण्यातल्या चुका खपवून घ्या. आम्ही बेने इस्राएल, म्हंजी ज्यू. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनवारी घाणा बंद आन् बैलबी मोकळा, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे. शनवार हा आमचा शब्बाथ, शुक्रवारी दिवस मावळला की लागतो. नोकरीत मी दुसऱ्यांच्या दिवाळीच्या ड्युट्या केल्या, पण शनवारी पाना हातात धरला न्हाई.

आधी हातावर फिस्टुला केला. म्हंजी शीर आन् धमनी जोडतात, सुई घालायला जागा होते. त्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागते. लांबून गाडी येताना रुळाला हात लावल्यावर लागते, तशीच. ती रोज बघायची. थांबली तर लगेच दवाखाना गाठा.

मला पाळी मिळाली मंगळवार, गुरुवार, शनवार. दुसरी रिकामी नव्हती. मी सांगितलं, शनवारी येणार न्हाई.

"काका, मशीनला वार कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला कळतो," मी म्हणालो.

शनवार चुकवायला लागलो. पाय सुजले. आडवं पडलं की दम लागायचा, निजताना एका उशीच्या दोन झाल्या. बायकोला सांगायचो, गरम होतंय.

एका शुक्रवारी दिवस मावळताना बायकोनं, रिबकानं, तेलाचा दिवा लावला. मी किद्दूशला उभा राहिलो. म्हंजी मनुकांच्या सरबताचा प्याला हातात धरून प्रार्थना म्हणतात. दोन शब्दांतच दम संपला. खाली बसलो.

"दवाखान्यात चला," ती म्हणाली.

"शब्बाथ लागला."

"जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडायचा, हा आपलाच नियम हाय. पोरांला तुम्हीच शिकवलात."

"मेलो तर मेलो."

"मरा की. पण मागं कद्दिश म्हणायला धा पुरुष लागतात. दौंडात आपली घरं दोन. बाकीचे कुठनं आणू, भांडगावच्या ष्टॅन्डवरनं?"

कद्दिश म्हंजी गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. मला हसू आलं, आन् हसायलाबी दम पुरंना. तवा मात्र मी भ्यालो. दिवा तसाच जळत ठेवून रिक्षात बसलो.

"पल्मनरी एडिमा," डॉक्टर म्हणाले. म्हंजी फुफ्फुसात पाणी. "अजून एक पाळी चुकवली असती, तर आपली भेट झाली नसती." रागावले न्हाईत. त्याचंच जास्त लागलं.

पुढच्या शनवारी मी आपणहून गेलो, पण मान खाली घालून. दर पेसाहला, म्हंजी आमच्या सुटकेच्या सणाला, आम्ही म्हणतो की मिसर देशात आम्ही गुलाम होतो. गुलामाला सुट्टी नसते. मला वाटलं, मशीननं मला परत तिकडंच नेलं.

पडल्या पडल्या मशीनकडं बघत होतो. त्यावर रक्त ढकलणारं एक चाक असतं, गोल गोल फिरतं. बघता बघता ध्यानात आलं, हा तर घाणाच. आन् मी? मी तर गादीवर पडलोय. हात हलवायचा न्हाई, उठायचं न्हाई, कुणाचं काही करायचं न्हाई. घाण्याला बैल मी न्हाईच.

शेजारच्या गादीवर धोंडिबा असतो, मांडवगण फराट्याचा. वाडवडील मेंढरं राखायचे, आता ऊस हाय. त्याचा मोबाईल सारखा वाजतो. लाईट आली, मोटर लावू का? लाईट गेली, काय करू?

"मामा," तो म्हणाला, "मोडला का तुमचा शनवार?"

"न्हाई. फिरतोय तो घाणा. बैल सोडलाय." मग त्याला सगळं सांगितलं, वाडवडलांपासून. माझा मोबाईल शुक्रवारीच बंद होतो, हेबी सांगितलं.

"आमचा बैल अजून जुपलेलाच हाय म्हणायचा," धोंडिबा म्हणाला. तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यानं बघितलं आन् बंद करून उशीखाली सारला. "पोराला मोटर लावता येती, मामा. उगं विचारतंय."

ज्यांना हे नवीन लागलंय त्यांना एवढंच सांगतो. पाळी चुकवू नका. पाणी मोजून प्या. मी किद्दूशला आता घोटभरच घेतो, बाकीचं रिबका पिते. डॉक्टरांचे उपकार हायतच. पण मला घरातनं रिक्षात घातलं ते तिनं, आन् तेबी आपल्याच धर्माचा नियम सांगून.

चार तास झाले की सिस्टर सुया काढते. "झालं मामा, सुटलात," म्हणते. मी घरी येऊन ओट्यावर बसतो. मोबाईल बंदच असतो. शब्बाथ संपायला आभाळात तीन चांदण्या दिसाव्या लागतात, आन् त्या शोधायची मला घाई नसते.