हळदीचं गाणं, तीन बोटांवर

शहाद्याच्या क्लासमध्ये व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. कॉलेज सुटल्यावर धाकट्या बहिणीला घ्यायला गेलो, की दारातून त्यांना पाहायचो. नवीन गाणं देण्याआधी त्या मुलाची बोटं हातात घेऊन बघत. झरझर वाजवणाऱ्या मोठ्या मुलांना मुद्दाम संथ गाणं देत. मुलं कुरकुरत, बाई हसत.

त्या दिवशी मोठ्यांसारखं झरझर वाजवायचा हट्ट धरून बहीण सारखी अडत होती. शेवटी व्हायोलिनच सोडायचं म्हणून रडत मला म्हणाली, "दादा, माले नही जमत. आते बंद करसू."

बाईंनी तिच्यापुढचा गाण्याचा कागद उचलून बाजूला ठेवला. "तुन्ही माय हळदना येळे काय म्हनस?"

लग्नात हळद लावताना आई म्हणते ते गाणं बहिणीने गुणगुणून दाखवलं. बाईंनी तिची तीन बोटं तारेवर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाणं हाताला थोडं सोपं असावं. मग कानाला सवड मिळते."

मला संगीतातलं फारसं कळत नाही. पण संध्याकाळी आमच्या गावी, कळसाडीला, घरी बहीण तेच गाणं वाजवत होती आणि भाकरी थापता थापता आई ओरडली, "आठे चुकनी! आठे वर जास!" सूर इथे वर चढतो, हे तिला पाठ होतं.

बहिणीने पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं.