विमानाच्या मैदानावरची ओटी

जैनथहून मी निघाले तेव्हा माय दाराशी आलीच नाही. बाबांनी ट्रंक बंडीत चढवली, बैल जुंपले, दोनदा हाका मारल्या, तरी ती आत भांडी आपटत बसली. शेवटी आतूनच ओरडली, "लगन कराच्या वक्ताले इमान चालवाले चालली!"

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, खरं सांगते, तेव्हा मला वाईट कमी आणि घाई जास्त होती. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. हैदराबादचे माझे मामा विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. तिथल्या एका क्लबात मुलींनाही उडायला शिकवणार, हे त्यांच्या कानावर आलं आणि शिष्यवृत्तीवर माझं नाव लागलं.

क्लबानं घेतलं खरं, पण आम्ही तिघी मुली नुसत्या शोभेला. वारा सुटला की आमचं उड्डाण रद्द. त्याच वाऱ्यात मुलगे मजेत उडून यायचे. लायसन्ससाठी एकटीनं लांबचा पल्ला मारून यावं लागे आणि तिथंच आमचे कॅप्टनसाहेब अडून बसले होते. "बीच में उतरना पड़ा तो? लड़की की जात!" मी म्हटलं, "साहब, बीच में मेरा ही ज़िला है." त्यांना हसू आलं, आणि माझं काम झालं. आमच्या जैनथजवळच्या आदिलाबादला, तिथल्या विमानाच्या मैदानावर जाऊन सूर्य मावळायच्या आत परतायचं. उशीर झाला तर तिघींचंही एकटीनं उडणं कायमचं बंद.

बाबांना पत्रानं कळवलं आणि ठरल्या दिवशी सकाळी छान पोचले. पण पेट्रोलचे डबे यायला दुपार टळली. मी विमानात चढणार तोच बाबांची बंडी धुरळा उडवत आली आणि तिच्यातून माय उतरली, हातात ओटीचं ताट घेऊन. सोबत आलेल्या शेजारच्या गंगाकाकूंनी तोंडाला पदर लावला. "कुवार पोरीची वटी भरतेत काय वो?"

"सासरी चालली काय नि हैद्राबादले चालली काय," माय म्हणाली, "लेक दूर जाऊन राह्यली. रिकामी कशी धाडू?"

आता ओटी घ्यायला पदर हवा, आणि माझ्या अंगात विजार. शिवाय विमानात सुटा दाणा चालत नाही. विमान वळवायच्या दांडीखाली अडकला तर ते वळायचं नाही. मी हे सांगेपर्यंत मायनं माझ्या गळ्यातला रुमाल सोडून कमरेला बांधला, त्यात ज्वारी, खोबरं, हळकुंड घातलं आणि करकचून गाठ मारली. बाबा सूर्याकडे बघत म्हणत होते, "जाऊ दे वो तिले, उशीर होऊन राह्यला!" मी वाकून नमस्कार केला आणि पळाले. वाटेतलं गुडीहत्नूर गाव मागे पडेपर्यंत मनसोक्त रडले. इंजिनाच्या आवाजात कुणाला न कळता रडता येतं, हा विमानाचा फायदा कुणी सांगत नाही.

उतरले तेव्हा सूर्य टेकडीवर होता. कॅप्टनसाहेबांनी माझ्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि घाईघाईनं वहीत वेळ लिहून टाकली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या दोघीही एकट्या उडाल्या.

मग राज्यांची फेररचना झाली. जैनथ आंध्रात गेलं आणि मी नागपूरला उडायला शिकवू लागले. लग्न केलं नाही, पण त्या दिवसापासून मायच्या लेखी मी माहेरवाशीण झाले. सुट्टीत गेले की मला झाडूला हात लावू देत नसे. "ठेव ते. चार दिसांची पाहुनी तू." मुलगी म्हणून जावं आणि पाहुणी म्हणून जेवावं, हे मला फार लागायचं.

या दिवाळीत मात्र गुडघे धरून बसलेली माय माझ्यावर खेकसली, "बसून काऊन राह्यली? चूल पेटव!"

लायसन्स हातात आलं तेव्हाही मी इतक्या आनंदानं उठले नव्हते.