थांबामामांची काठी

भाऊजींचा एक बूट घासून झाला. दुसरा हातात घेतला आणि ब्रश चालेना. मागच्या दाराशी पाच जोड्या मांडल्या होत्या, कालच्या डोंगराचा चिखल त्यांच्यावर कडक वाळलेला. धाकटे दीर वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी चपला घालून कामावर निघताना जिन्यातूनच म्हणाले, "वहिनी, बूट जरा बघा हं." जरा! आणि बुटांच्या शेजारी भिंतीला टेकून ती काठी उभी होती. ती आमच्या घरातली नाही. ती थांबामामांची.

रोजच्या वहीत मी आधी देवाचं नाव लिहिते, मग दिवसभराचं चार ओळींत. काल वही उघडली नि तशीच मिटली. खोट्याखाली सही केलेल्या हातानं देवाचं नाव लिहवेना. म्हणून आज आधी त्या माणसाबद्दल लिहिते.

काल सुट्टी म्हणून आम्ही पाच जण डोंगरात गेलो होतो: हे, भाऊजी, जाऊबाई, सासूबाई आणि मी. वनखात्याच्या चौकीवर वाटाड्या घ्यावाच लागतो. आमच्या वाट्याला आले ते पन्नाशी उलटलेले, बुटके, मान खांद्यात रुतलेली, छातीवर खात्याचा पितळी बिल्ला. आधी वीस वर्षं त्यांनी याच जंगलात लाकूडतोड केली. ओंडके वाहून वाहून मान तशी झाली. तोड बंद झाली तेव्हा चार वर्षं हाताला काम नव्हतं, मग हा बिल्ला मिळाला. हे सगळं त्यांनी सासूबाईंना चालता चालता सांगितलं, तेही विचारलं म्हणून. चौकीवर त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही.

"थांबामामांबरोबर चाललात?" चहावाली हसून म्हणाली. "मग आटपलं! दर वळणावर थांबा म्हणतील."

"पण परत येतात ना सगळे?" मामा म्हणाले. "मग झालं तर."

झाडीतला चढ लागला तसा सासूबाईंचा गुडघा कुरकुरायला लागला. मामांनी स्वतःची काठी पुढे केली. "आजी, ही धरा. हिनं माझा भार वाहिलाय, तुम्ही तर हलक्या."

"घरात हे कुणी म्हटलं नाही मला," सासूबाई म्हणाल्या आणि सुनांकडे एकेक नजर टाकून पुढे चालू लागल्या.

पुढे घळ लागली. दोन्ही बाजूंना खडकाच्या उभ्या भिंती, वर आभाळाची चिंधी, आणि प्रवाहाच्या कडेनं एका माणसापुरती वाट. घळीच्या टोकाला धबधबा. तिथला फोटो काढून आणतो असं भाऊजी आठवडाभर ऑफिसात सांगत होते.

मामा प्रत्येक वळणावर वाकायचे आणि पाणी जिथं संपतं तिथं, अगदी काठाला, एक पांढरा खडा ठेवायचे. तिसऱ्या वळणावर ते खड्याशी बसूनच राहिले. मला वाटलं, दमले. बघता बघता खडा पाण्याखाली गेला. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. त्यात पानांचा चुरा होता.

"थांबा. मागं फिरायचं."

"धबधबा किती लांब आहे?" भाऊजींनी विचारलं.

"आठ मिनिटं."

"मग?"

"मग परत यायलाही आठ. तेवढा वेळ पाणी देईलसं दिसत नाही."

"अहो, वर बघा! ढगाचा ठिपका तरी आहे का?"

"इथलं आभाळ बघून काय करता, साहेब? पाणी वरच्या डोंगराचं. तिथलं या खड्याला कळतं."

"म्हणजे आता आम्ही दगडधोंड्यांना विचारून सुट्टी घालवायची!" असं म्हणत भाऊजी पुढे घुसायला लागले. मामा वाटेत आडवे उभे राहिले. आवाज चढला नाही, हात उगारला नाही. एवढंच म्हणाले, "हा बिल्ला छातीवर आहे तोवर नाही."

आम्ही परत फिरलो. पाणी नंतर आलं की नाही, मला माहीत नाही. चौकीवरून घळ दिसतच नाही. तरी भाऊजी तिथून बोट दाखवून विचारत होते, "कुठाय पूर? दाखवा ना पूर!" उतू न गेलेल्या दुधाबद्दल घरातल्या बाईला कधी कुणी शाबासकी दिलीय? मला तरी हे तिथंच कळायला हवं होतं.

भाऊजींनी तक्रारवही मागितली आणि लिहिलं, "वाटाड्यास वाट माहीत नाही. महिलांशी उद्धट वागला."

महिला म्हणजे आम्ही! ज्यांच्या हातात त्यांनी आपली काठी दिली त्या!

कारकून म्हणाला, "मामांवर ही तिसरी. आधीच्या दोन्हीही लोकांना परत फिरवल्याच्याच. तिसरीला बिल्ला काढून घेतात. बुधवारी साहेब सुनावणीला बसतील. खाली सगळ्यांच्या सह्या करा."

मामा पाच पावलांवर नळाखाली पाय धूत होते. सगळं ऐकू जात होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

भाऊजींनी सही केली, जाऊबाईंनी केली, ह्यांनी केली. सासूबाई म्हणाल्या, "मला बाई चष्म्याशिवाय दिसत नाही." चष्मा नाकावर होता! पेन माझ्याकडे आलं. हे पुटपुटले, "कर गं, उगाच वाद नको."

आणि मी केली. पूर्ण नाव, वळणदार. भाऊजींचा राग येतोच. पण ते निदान स्वतःच्या रागापोटी खोटं बोलले. मी कशापोटी बोलले? त्या एका सहीला किती वेळ लागला? खडा बुडायला लागला त्याहूनही कमी.

मघाशी सासूबाई मागच्या दाराशी आल्या. मी म्हटलं, "आई, काल चष्मा नाकावर होता तुमच्या."

"होता ना. म्हणून तर काय लिहिलंय ते दिसलं." मग काठीकडे हनुवटी करून म्हणाल्या, "ही चुकून आली की मी आणली, ते विचारू नकोस. पण ज्याची त्याला पोचवायला कुणीतरी जायला हवं."

मी तशीच आत गेले. हे शर्टाची बटणं लावत होते. "मी चौकीवर जातेय. सही खोडायला."

"वेड लागलंय का? भाऊ काय म्हणेल?"

"काल उद्धट कोण वागलं, सांगा. मामा?"

ह्यांनी बटण चुकीच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा तिथंच घातलं. "घरात भांडण होईल," म्हणाले.

"होऊ दे. आणि तुमचीही सही आहे त्या पानावर. बुधवारपर्यंत विचार करा."

"आणि डबा?"

"ओट्यावर आहे. हात पुरतोय तुमचा."

भाऊजींचा दुसरा बूट चिखलातच राहू दे. हात धुतले, वहीच्या पहिल्या ओळीची जागा कोरी ठेवलीय. आता साडेदहाची बस पकडून चौकीवर जायचं, मामांना काठी द्यायची आणि तक्रारवहीतली माझी सही खोडून खाली खरं काय घडलं ते लिहायचं.